बोलके मीटर आणि आपला हिशेब

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील व्यापारी व कारागीर बंधूंसाठी

दुकान असो वा कारखाना, महिन्याचे तीन खर्च टळत नाहीत : भाडे, मजुरी आणि विजेचे बिल. भाड्याचा आकडा करारात लिहिलेला असतो. मजुरी नगावर मोजली जाते. विजेचा आकडा मात्र भिंतीवरच्या एका डब्यात तयार होतो आणि तो पाहण्याची सवय आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. उल्हासनगरच्या कॅम्पांतून जीन्स शिवणारे व फर्निचर घडविणारे, अंबरनाथच्या आनंदनगर व मोरिवली औद्योगिक वसाहतींत गाळा घेऊन बसलेले, बदलापुरात वेल्डिंग, बेकरी किंवा शिलाईचे काम करणारे, या सर्वांच्या नफ्याचे गणित थोड्या पैशांवर चालते. एका महिन्याचे बिल दुपटीने आले की कारागिराची मजुरी लांबते, नाहीतर मालाची उधारी वाढते.

हा डबा आता बदलत आहे. जुने मीटर काढून त्या जागी स्मार्ट मीटर बसविण्याची मोहीम महावितरणने हाती घेतली आहे. २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे देण्यात आली. त्यांत भांडुप, कल्याण व कोकण या परिमंडलांचे काम अदानी समूहाकडे गेले. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तिन्ही शहरे कल्याण परिमंडलात येतात.

चहाच्या टपरीवर या मीटरविषयी दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, नवे मीटर पळते. दुसरा म्हणतो, आता सारे आपोआप होते, चुकीला जागाच नाही. आमच्या मते ही दोन्ही म्हणणी अर्धवट आहेत. या मीटरची कामे दोन : वीज मोजणे आणि मोजलेले कळविणे. ही कामे दोन निराळे भाग करतात आणि त्यांचे दोषही निराळे असतात. आपल्या बिलातील घोटाळा कोणत्या कामात झाला, हे ज्याला ओळखता येते त्याची तक्रार टिकते. म्हणून आधी हे मीटर बोलते कसे ते पाहू, आणि मग ते गप्प केव्हा बसते तेही पाहू.

आकड्याचा प्रवास

जुन्या चकतीच्या मीटरजवळ दर महिन्याला माणूस येई आणि वहीत आकडा लिहून नेई. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर आले, माणूस मीटरचा फोटो काढू लागला आणि तो फोटो बिलावर छापला जाऊ लागला. स्मार्ट मीटरमध्ये या माणसाचे काम बिनतारी संदेशाकडे आले आहे.

मीटरच्या आत एक भाग विजेचा दाब व प्रवाह सतत मोजत असतो. त्यावरून खर्च झालेले युनिट काढून तो आतल्या कायम स्मृतीत लिहितो. वीज गेली तरी ही नोंद पुसली जात नाही. एकूण आकड्याबरोबरच दर पंधरा मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा वापर, सर्वाधिक भार, वीज गेल्याची व आल्याची वेळ, आणि मीटरचे झाकण उघडले गेले किंवा जवळ लोहचुंबक आणले गेले तर त्याचीही नोंद होते. अशा मीटरांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६४४४ हे मानक आहे. लहान ग्राहकांच्या मीटरवर बहुधा 'क्लास १' असे लिहिलेले असते. त्याचा ढोबळ अर्थ असा की शंभर युनिटांमागे एका युनिटाचा फरक मान्य समजला जातो.

दुसरा भाग संदेश पाठविणारा. तो ठरलेल्या वेळी स्मृतीतील नोंदी उचलतो आणि कंपनीच्या मुख्य संगणकाकडे रवाना करतो. तिथून त्या नोंदी दुसऱ्या संगणकावर जातात. तिथे आकडा सुसंगत आहे की नाही, मधला एखादा दिवस गळला आहे काय, हे तपासले जाते. मगच तो आकडा बिल काढणाऱ्या विभागाकडे पोचतो. स्मार्ट मीटरचे वाचन दिवसातून निदान एकदा दुरून व्हावे, असे केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२३ च्या दुरुस्तीने लिहिले गेले आहे.

म्हणजे मीटरच्या काचेवर दिसणारा आकडा आणि बिलावर छापलेला आकडा यांच्या मध्ये तीन-चार मुक्काम आहेत. घोटाळा मुक्कामात होऊ शकतो आणि वाटेतही.

संदेशाच्या दोन वाटा

मीटरपासून कंपनीपर्यंत संदेश नेण्याच्या आपल्या देशात मुख्यतः दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत शेजाऱ्याकरवी निरोप पाठविण्याची. ईदच्या नमाजला मोठ्या मैदानात मागच्या सफांपर्यंत इमामाचा आवाज पोचत नाही, तेव्हा मध्ये उभा असलेला मुकब्बिर तकबीर पुढे पोचवितो. या मीटरांचेही तसेच आहे. प्रत्येक मीटरमध्ये कमी ताकदीचा रेडिओ असतो. एक मीटर आपला निरोप शेजारच्या मीटरला देते, ते पुढच्याला देते, आणि अखेरीस खांबावर किंवा इमारतीवर बसविलेल्या एका पेटीत सगळ्यांचे निरोप जमा होतात. ती पेटी मोबाइलच्या जाळ्यातून ते कंपनीकडे धाडते. भारतात यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा परवानामुक्त पट्टा वापरला जातो. या पद्धतीचा गुण असा की एक वाट बंद झाली तर निरोप दुसऱ्या शेजाऱ्याकडून जातो. दोष असा की शेजारी पाहिजेत. गल्लीत चाळीसपैकी चारच घरांत नवे मीटर बसले असेल, तर साखळी तुटकच राहते.

दुसरी पद्धत मोबाइल फोनसारखी. प्रत्येक मीटरमध्ये स्वतःचे सिम असते आणि ते थेट टॉवरशी बोलते. शेजाऱ्याची गरज नाही, पण टॉवरची आहे. ज्या कोपऱ्यात आपला मोबाइल 'नेटवर्क नाही' असे दाखवितो, तिथे मीटरलाही तीच अडचण येते. शिवाय मोबाइलचे तंत्र झपाट्याने बदलते. मीटर दहा वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते, पण जुन्या पिढीची सेवा तेवढी टिकेलच असे नाही. ब्रिटनमध्ये हा प्रश्न उभा राहिला आहे. तिथे मोबाइलची दुसऱ्या पिढीची सेवा २०३३ पर्यंत बंद व्हायची आहे आणि तिच्यावर बोलणाऱ्या मीटरांचे संदेशयंत्र त्याआधी बदलावे लागणार आहे. त्याच देशात पहिल्या पिढीच्या अनेक मीटरांचे बोलणे ग्राहकाने वीज कंपनी बदलताच थांबले होते. मोजणे चालू राहिले, पण आकडा पुन्हा हाताने लिहून कळवावा लागला.

आपल्या पट्ट्यातील अडथळे

रेडिओचे संदेश हवेतून जातात, विटांच्या भिंतीतून थोडे क्षीण होऊन जातात, आणि लोखंडापुढे अडतात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर आपल्या शहरांतील अडचणी सहज समजतात.

उल्हासनगर हे मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित वसविण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीला आजचे नाव मिळाले. बराकींच्या जागी मजल्यावर मजले चढले, गल्ल्या अरुंद झाल्या. अशा इमारतींत मीटर बहुधा जिन्याखाली, एका ओळीत दाटीने बसविलेली असतात. पुढे लोखंडी जाळी, तिला पत्र्याचा दरवाजा आणि समोर कापडाचे गठ्ठे. चोरी व छेडछाड टाळण्यासाठी बसविलेला हा पत्राच संदेशाला अडवितो. अंबरनाथच्या औद्योगिक गाळ्यांवर पत्र्याचे छप्पर व लोखंडी शटर असते. गाळ्याच्या आतल्या कोपऱ्यात मीटर असेल तर तिथेही तीच गत. यंत्रांच्या आवाजाने किंवा मोटारींमुळे मीटर बोलू शकत नाही असा एक समज आहे. तो सहसा खरा नसतो. दोष बहुधा भोवतालच्या पत्र्याचा असतो.

बदलापूरची अडचण पाण्याची आहे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या दोन्ही तारखा तेथील रहिवासी विसरलेले नाहीत. उल्हास नदीच्या काठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते तेव्हा तळमजल्यावरची मीटरची पाटी पहिल्यांदा बुडते. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये पाणी गेले की मोजणारा आणि सांगणारा असे दोन्ही भाग बिघडू शकतात. पाणी ओसरल्यावर असे मीटर स्वतः उघडू नये व पुसू नये. झाकण उघडल्याची नोंद आपल्याच अंगावर येते. लेखी कळवून कर्मचाऱ्यांकडूनच तपासणी करून घ्यावी. नवीन मीटर बसविताना ते पुराच्या रेषेच्या वर, दर्शनी जागी व पत्र्याआड न जाईल असे बसविण्याची मागणी सोसायटीने आधीच करावी.

वीज गेल्यावर मीटर काय करते, हेही पाहण्यासारखे आहे. पुरवठा तुटल्याबरोबर काही क्षण पुरेल एवढी शक्ती त्यात साठविलेली असते. तेवढ्यात 'माझी वीज गेली' हा शेवटचा निरोप ते पाठविते. पण सारी गल्ली अंधारात गेली तर निरोप पुढे नेणारे शेजारीही त्याच क्षणी गप्प होतात, आणि वीज फार वेळ गेली तर टॉवरच्या बॅटरीवरही ताण येतो. म्हणून 'स्मार्ट मीटर आहे, कंपनीला आपोआप कळेल' असे समजून बसू नये. १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

सांगणे थांबले तरी मोजणे थांबत नाही

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. संदेश गेला नाही म्हणून युनिट हरवत नाहीत आणि माफही होत नाहीत. ते मीटरच्या स्मृतीत जमा राहतात. संपर्क पुन्हा जुळला की एकदम पोचतात. मधल्या काळात बिल सरासरीने निघाले असेल तर नंतर एकदम मोठा फरक येतो, आणि लोक म्हणतात की मीटर पळाले.

हा अनुभव आपण एकदा घेतला आहे. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मार्चच्या अखेरीपासून घरोघरी जाऊन वाचन घेणे थांबले. सरासरीची बिले निघाली. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन झाले तेव्हा साठलेले युनिट एकाच बिलात आले आणि राज्यभर ओरड झाली. तेव्हाही मीटर आपले काम करीत होते, फक्त आकडा पोचत नव्हता. संदेश तुटलेल्या स्मार्ट मीटरचे तेच होते, एवढाच फरक की ते एखाद्या गल्लीपुरते होते आणि त्याची बातमी होत नाही.

अशा बिलात एक गोष्ट जरूर तपासावी. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो : पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढे आणखी महाग. एखाद्या घरात महिन्याला ९० युनिट वापर आहे आणि तीन महिन्यांचे २७० युनिट एका बिलात आले, असे समजा. ते एका महिन्याचे धरले तर १७० युनिट महाग टप्प्यात जातील. तीन महिन्यांत विभागले तर सर्वच्या सर्व पहिल्या टप्प्यात बसतील. २०२० च्या जूनच्या बिलांतही अशी महिनावार विभागणी करण्यात आली होती. बिलावरील 'मागील वाचन' व 'चालू वाचन' यांच्या तारखा पाहून ही विभागणी झाली की नाही, हे कोणालाही पडताळता येते.

मीटरमधले घड्याळ

दुसरी मर्यादा घड्याळाची. महावितरण या मीटरांना टीओडी मीटर म्हणते, म्हणजे वापराची वेळही मोजणारे मीटर. असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरासाठी युनिटमागे ८० पैसे सवलत १ जुलै २०२५ पासून जाहीर झाली. कारण सरळ आहे. दिवसा सौरऊर्जा मुबलक मिळते, संध्याकाळी ती मिळत नाही. मोठ्या भाराच्या औद्योगिक ग्राहकांना वेळेनुसार दर पूर्वीपासूनच आहेत, आणि त्यांतही सवलतीचा भर आता रात्रीवरून दिवसाकडे वळला आहे. ईदच्या हंगामात रात्ररात्र मशीन चालविणाऱ्या कारखानदाराने आपल्या वर्गाचे वेळेचे कोष्टक एकदा मागून घ्यावे. इस्त्री, पाण्याचा पंप, कटिंगची मोठी मशीन अशी कामे दिवसा उरकता येतात का, ते पाहावे.

ही सारी सवलत मीटरच्या घड्याळावर अवलंबून आहे. ते घड्याळ दुरून येणाऱ्या संदेशाने बरोबर ठेवले जाते. संपर्क बराच काळ तुटलेला असेल तर ते मागे-पुढे होऊ शकते. मीटरच्या काचेवर आकडे आळीपाळीने येतात, त्यांत तारीख व वेळही असते. महिन्यातून एकदा ती आपल्या घड्याळाशी ताडून पाहावी. फरक दोन-चार मिनिटांचा असेल तर सोडून द्यावा. अर्ध्या तासाचा असेल तर फोटो काढून लेखी कळवावे.

संदेश उलटही येतो

आतापर्यंत मीटरकडून कंपनीकडे जाणाऱ्या निरोपाविषयी सांगितले. याच वाटेने कंपनीची आज्ञाही मीटरकडे येते. मीटरच्या आत एक कळ असते. तिच्याद्वारे कार्यालयात बसून पुरवठा तोडता व जोडता येतो. १२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीच्या सुमारास, उत्तर प्रदेशात लखनौसह अनेक शहरांत सुमारे दीड लाख स्मार्ट मीटरधारकांची वीज एकाच वेळी बंद झाली. बिल भरलेल्यांचीही गेली. चुकीची आज्ञा गेल्याने हे घडले, आणि पुरवठा पूर्ववत होण्यास वेळ लागला, कारण जोडण्याची आज्ञाही प्रत्येक मीटरपर्यंत पोचावी लागते. आपल्या पट्ट्यातील कितीतरी कारागिरांची घरे त्याच प्रदेशात आहेत. त्यांना ही घटना आठवत असेल.

प्रीपेड म्हणजे आधी पैसे भरण्याच्या पद्धतीत या कळेला फार महत्त्व येते. राज्यात त्यावर मोठा विरोध झाला आणि सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर हीच मीटर आधी वापर व मग बिल या पद्धतीने बसू लागली. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस देणे, हे वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार बंधनकारक आहे. कळ दुरून दाबता येते म्हणून ही नोटीस टळत नाही.

खर्चाविषयीही थोडे लिहिणे भाग आहे. मीटरचे पैसे ग्राहकाकडून थेट घेतले जात नाहीत, हे खरे. मात्र कंत्राटांनुसार देखभालीसह एका मीटरमागे सुमारे १२ हजार रुपये खर्च येतो, आणि केंद्राच्या २०२१ च्या योजनेतून मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये अनुदान आहे. उरलेला भार अखेर वीजदरातूनच भरून निघणार, हा वीज ग्राहक संघटनांचा आक्षेप आम्हाला रास्त वाटतो. ज्याचे पैसे आपण भरणार, त्याचा पुरेपूर उपयोग तरी करून घ्यावा.

मीटर काय सांगू शकत नाही

मीटर एकूण वापर सांगते. कोणत्या मशीनने किती खाल्ले, हे सांगत नाही. ते आपणच शोधावयाचे असते. जुन्या पद्धतीची क्लच मोटार शिलाई थांबली तरी फिरत राहते आणि वीज खाते. सर्वो मोटार पाय दाबला तेव्हाच फिरते. दहा मशीनच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीतला वापर मोबाइल अॅपवर पाहिला तर हा फरक कळून येतो. सुट्टीतही वापर फारसा उतरत नसेल, तर पैसा कुठे जातो ते शोधण्यास सुरुवात तिथून करावी.

पोटभाडेकरूंमध्ये वीज कशी वाटली गेली, हेही हे मीटर सांगत नाही. एका मीटरवर तीन कारखाने चालतात, तिथे मधले छोटे मीटर साधेच असते. त्याचा आकडा कोणत्याही संगणकाकडे जात नाही. तिघांनी एकाच तारखेला, एकमेकांसमोर आकडे लिहून सही करावी. भागीदारीत व देण्याघेण्यात लिहून ठेवण्याची शिकवण आपल्या दीनने दिलेलीच आहे. अर्ध्याहून अधिक भांडणे तिथेच मिटतील.

आणखी एक अडचण गाळे भाड्याने घेणाऱ्यांची. बिल मालकाच्या नावावर आणि नोंदलेला मोबाइल क्रमांकही त्याचा, किंवा आधीच्या भाडेकरूचा. मीटर निरोप पाठविते, पण तो पैसे भरणाऱ्याला मिळत नाही. करार करतानाच ग्राहक क्रमांकापुढे आपला मोबाइल क्रमांक नोंदवून घेण्याची अट घालावी.

घरातूनच शिलाई, जरी किंवा पॅकिंगचे काम करणाऱ्या भावा-बहिणींनी एक तरतूद माहीत करून घ्यावी. राहत्या घराच्या एका भागात धंदा असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटांपर्यंत असेल आणि मागील आर्थिक वर्षाचा एकूण वापर ३६०० युनिटांपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू होतो, असे राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत आलेले आहे. नवा आदेश निघेल तेव्हा ही तरतूद पुन्हा पाहून घ्यावी. ही मर्यादा ओलांडून घरगुती मीटरवर कारखाना चालविला तर कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होऊ शकते. रोजचा आकडा दिसत असल्याने ३०० ची सीमा जवळ आली की नाही, हे महिना संपण्याआधीच कळते.

मोजणे बरोबर आहे का, हे कसे पाहावे?

सांगण्यातील दोष ओळखण्याचा उपाय सोपा आहे : मीटरवरचा आकडा आणि बिलावरचा आकडा एकाच तारखेचा घेऊन ताडावा. दोन्ही जुळले तर संदेश बरोबर पोचला. मग संशय मोजण्यावर राहतो, आणि त्याची प्राथमिक परीक्षा घरी करता येते.

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. पाटीवर एका युनिटाला किती लुकलुक, ते छापलेले असते, उदाहरणार्थ ३२००. प्रथम आपला मुख्य स्विच बंद करावा. दिवा लुकलुकणे थांबले पाहिजे. थांबले नाही तर वायरिंगमध्ये गळती आहे किंवा आपल्या मीटरवर दुसऱ्या कोणाची जोडणी आहे, असा संशय घ्यावा व जाणकार वायरमनला बोलवावे. नंतर फक्त २०० वॅटचा एक जुन्या तारेचा बल्ब लावावा. २०० वॅट तासभर चालले की एका युनिटाचा पाचवा भाग होतो, म्हणजे तासाला ६४० लुकलुक. पाच मिनिटांत सुमारे ५३ भरल्या पाहिजेत. विजेचा दाब कमी-जास्त असेल तर पाच-सहाचा फरक पडेल. तो मीटरचा दोष नव्हे. पण ५३ च्या जागी ८० भरल्या तर तपासणीची मागणी करण्यास आधार मिळतो. इस्त्री किंवा फ्रिज लावून ही परीक्षा करू नये, कारण ती यंत्रे मधूनच बंद होतात.

तक्रारीची वाट

तक्रार तोंडी करू नये. उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, सोबत तारखेसह काढलेले मीटरचे फोटो जोडावेत आणि पोच घ्यावी. स्मार्ट मीटरच्या वाचनाविषयी तक्रार आल्यास पाच दिवसांच्या आत शेजारी दुसरे मीटर बसवून निदान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून पाहावा, असे केंद्राच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीने आले आहे. अर्जात या नियमाचा उल्लेख करावा. मीटर सदोष निघाले तर बिलाची दुरुस्ती जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती होते. म्हणून संशय आल्यावर वर्षभर वाट पाहत बसणे आपल्याच तोट्याचे. कार्यालयात दाद लागली नाही तर कल्याण परिमंडलाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे, आणि तिथेही समाधान झाले नाही तर विद्युत लोकपालाकडे. मात्र वीजचोरी व अनधिकृत वापराची प्रकरणे या मंचापुढे चालत नाहीत.

माप सर्वांचे

कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना कडक इशारा आहे. स्वतः घेताना पुरेपूर घ्यावे आणि दुसऱ्याला देताना कमी द्यावे, ही वृत्ती तिथे धिक्कारली आहे. हजरत शुऐब (अ.) यांच्या कौमचा मोठा गुन्हाही तराजूशीच निगडित होता. विजेचे मीटर हाही एक तराजूच आहे. त्याच्या एका पारड्यात कंपनीची वीज आणि दुसऱ्यात आपली हलाल कमाई. न वापरलेल्या युनिटाचे पैसे घेणे हे जसे कंपनीला शोभत नाही, तसेच वायर टाकून किंवा मीटरशी छेडछाड करून वीज घेणे हे आपल्याला हराम आहे. 'सगळेच करतात' ही सबब हिशेबाच्या दिवशी चालणार नाही. आणि या जगातही तिचे दिवस संपत आले आहेत, कारण नवे मीटर छेडछाडीची तारीख-वेळ लिहून ठेवते.

आपला हक्क मागायचा तर आपली बाजू स्वच्छ आणि लेखी असावी लागते. आमची सूचना एवढीच : दुकानाच्या खतावणीत एक पान विजेसाठी राखून ठेवावे. दर जुम्याला, नमाजला निघण्यापूर्वी, मीटरवरचा आकडा, तारीख व वेळ त्यावर लिहावी आणि महिन्यातून एकदा मीटरचा फोटो काढावा. या कामाला दोन मिनिटे पुरतात. ज्या महिन्यात मीटर गप्प बसेल, त्या महिन्यात आपली वही बोलेल.